आत्याचा निळा

आत्याला तिच्या खऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. धाकटा भाऊ तिला ताई म्हणायचा. भावाच्या मुलानं बोबड्या वयात आत्या म्हणायला सुरुवात केली आणि पुढं अख्ख्या गल्लीनं तेच उचललं. पोस्टमनसुद्धा दारात उभा राहून "आत्या, सही," म्हणायचा. लग्न तिनं केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलंच, तर म्हणायची, "माझ्या वाट्याचा नवरा वाळत घातला होता, पावसात भिजून मऊ पडला." लगद्याचं काम करणाऱ्या घरातला हा विनोद. बाहेरच्या माणसाला तो समजावून सांगावा लागायचा आणि तेवढ्यात त्यातली मजा जायची.

घर लहानच होतं. पुढची खोली, मागची खोली, मागं अंगण आणि वर माळा. मागची खोली भावाची. रद्दी कागद तो अंगणातल्या पिंपात भिजत घालायचा, सडून मऊ झाला की दगडी उखळात कुटायचा, त्यात खळ मिसळून तो लगदा लाकडी साच्यावर थापायचा. वाळल्यावर बारीक करवतीनं कापून साच्यावरून उतरवायचा आणि सरसानं पुन्हा जोडायचा. सांधा दिसू नये, तडा जाऊ नये म्हणून वरून पातळ कागद चिकटवायचा. मग खडू आणि सरस यांचा पांढरा थर, मग घोटणं. गुळगुळीत दगड फिरवून फिरवून तो डबा असा करायचा की हातात घेतला तर अंड्याची आठवण व्हावी. शेवटचं चकाकीचं रोगण सोडलं, तर त्याचं काम तिथं संपायचं. पुढच्या खोलीत खिडकीशी आत्याचं सुरू व्हायचं.

आत्या आधी जमिनीचा, म्हणजे नक्षीमागचा, रंग द्यायची आणि त्यावर पेन्सिल न लावता थेट फुलं-पानं काढायची. तिची पानं तांदळाच्या दाण्याएवढी. कुंचला टेकवायचा, दाबायचा आणि उचलताना टोकाला एक बारीक शेपटी सोडायची. अशी शेकडो पानं, आणि प्रत्येकाची शेपटी उजवीकडं वळलेली. पण व्यापाऱ्याकडं तिचं नाव होतं ते पानांमुळं नव्हे, निळ्या जमिनीमुळं. नीळ ती स्वतः खलायची, त्यात काय किती घालायची ते तिच्या हाताला ठाऊक होतं. तो निळा गडद असूनही त्याला एक उजेड असायचा. गिऱ्हाइकं 'आत्यांचा निळा' म्हणूनच मागायची. डब्याच्या तळाशी ती तीन ठिपके द्यायची, तीच तिची खूण.

वहिनी गेली तेव्हा भावाचा मुलगा अगदी लहान होता. त्याला आत्यानंच वाढवलं. मोठा झाल्यावर त्याला लगदाही नको होता आणि रंगही. तो लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवायला लागला. त्याची बायको मात्र या घरात आली आणि पहिल्याच महिन्यात खिडकीशी जाऊन बसली. "मला शिकवाल का?" म्हणाली. आत्यानं तिच्या हातात कुंचला दिला, तर पोरीनं तो डाव्या हातात धरला.

"डावरी आहेस?"

"हो. चालेल का?"

"कुंचला काय विचारतोय, कुठला हात म्हणून? शेपटी सुटली पाहिजे, बस."

सून शिकली. हळूहळू, पण पक्की शिकली. आत्या तिला चुकलं की टपली मारायची आणि साधलं की काहीच बोलायची नाही. सुनेनं त्या गप्प बसण्याचाच अर्थ लावायला शिकून घेतलं.

बिघडायला कधी लागलं ते नेमकं कुणालाच सांगता आलं नाही. एकदा व्यापारी माल घ्यायला आला आणि डबा खिडकीशी नेऊन बघत राहिला. आत्या तेव्हा शेजारी गेली होती. तो भावाला हळूच म्हणाला, "आत्यांनी हा नवीन रंग काढलाय का? वांग्यासारखा दिसतोय."

भावानं पाहिलं. जमीन जांभळट झाली होती. त्याला वाटलं, नीळ खराब लागली असेल. पुढच्या खेपेला डबे आणखी जांभळे होते. त्याच्या पुढच्या खेपेला एकाची जमीन निळी नव्हतीच, चक्क काळी होती. व्यापाऱ्यानं ते सगळे बाजूला काढून ठेवले. "हे नाही चालायचे. मी काय सांगू गिऱ्हाइकाला?"

सून म्हणाली, "बाबा, आत्यांचे डोळे दाखवून आणू या का?"

"डोळ्यांना काय धाड भरलीये? सगळ्या गल्लीच्या बायका तिच्याकडून सुईत दोरा ओवून नेतात."

ते खरंच होतं. आत्यानं चष्मा कधीच काढून ठेवला होता. "चष्मे तुम्ही लावा, मी अजून कोवळी आहे," म्हणत ती चष्म्याशिवाय सुई ओवायची, तांदळातला बारीक खडा टिपायची. भावाला त्यामुळं दुसरीच भीती होती. त्यांच्या आईचं शेवटी डोकं गेलं होतं. मीठ कुठलं, साखर कुठली, कळेनासं झालं होतं. मग मुलगा कुठला, तेही कळेना. परवाच ताई निळ्या पडद्याला काळा पडदा म्हणाली होती. भावाच्या मनानं तेच घेतलं.

"तिला काही बोलायचं नाही," त्यानं सुनेला बजावलं. "मागं मी एकदा एका फुलाला नावं ठेवली होती, तर कित्येक दिवस कुंचल्याला हात लावला नव्हता तिनं. आणि आता डोकं चालत नाही असं कळलं, तर ती अंथरूणच धरेल."

"मग करायचं काय?"

करायचं काय, ते त्यानंच ठरवलं. एकाच साच्यावर तो दोन-दोन डबे करायला लागला. एक आत्याला द्यायचा. आत्या तो रंगवायची, तळाला तीन ठिपके द्यायची आणि रोगण लावायला त्याच्याकडं पाठवायची. मग दुसरा डबा मागच्या खोलीत सुनेपुढं यायचा. आत्याचा डबा समोर ठेवून ती फूल न् फूल, पान न् पान उतरवून घ्यायची. फक्त जमीन खऱ्या निळ्याची करायची. व्यापारी तो डबा घेऊन जायचा. आत्याचा डबा, आधीच्या परत आलेल्या डब्यांसारखाच, कापडात गुंडाळून माळ्यावर जायचा.

सुनेला हे रुचत नव्हतं. पहिल्यांदा तीन ठिपके द्यायची वेळ आली तेव्हा तिचा हात अडला.

"हे नको, बाबा. ही त्यांची खूण आहे."

"नक्षी तिचीच आहे ना? मग खूणही तिचीच."

तिनं ठिपके दिले. संध्याकाळी आत्यानं विचारलं, "गेला का माल? काय म्हणाला तो?" भाऊ म्हणाला, "खूश आहे." आत्या समाधानानं चहा प्यायली. सुनेनं आपला चहा मोरीत ओतला.

असं जवळजवळ दोन वर्षं चाललं. खोट्याचीही सवय होते. दुपारी आत्याचा जरा डोळा लागला की सून मागं जाऊन बसायची, आणि आत्या उठून "सूनबाई" अशी हाक मारायच्या आत हात धुऊन पुढं यायची. नखात रंग राहिला तर भांडी घासायला घ्यायची.

मग एक दिवस पलीकडच्या गल्लीतल्या मास्तरीणबाई आल्या. शाळेतून निवृत्त झाल्या तेव्हा त्यांना भेट मिळालेला डबा त्यांच्या हातात होता. झाकण घट्ट बसत होतं, ते जरा सैल करून हवं होतं. "तुमच्याच हातचा निघाला, आत्या," त्या कौतुकानं म्हणाल्या. "खाली ठिपके बघितले आणि म्हटलं, आता दुसरीकडं कशाला जायचं?"

आत्यानं डबा घेतला आणि नाकाला लागेल इतका जवळ धरला. नक्षी तिची होती. ती कुठली, कधी काढलेली, तेही तिला आठवलं. डबा फिरवता फिरवता तिचा हात थांबला. पानांच्या शेपट्या डावीकडं वळल्या होत्या. सगळ्याच्या सगळ्या.

"सूनबाई, इकडं ये."

आवाजावरूनच सून समजली. मागच्या खोलीतून भाऊही उठून दाराशी आला.

"हा डबा कुणी रंगवला?"

सुनेनं हात पदराखाली घेतले.

"मी विचारतेय. या पानांना कुणाचा हात लागलाय? माझी खूण लावून स्वतःचं काम खपवतेस? मी हाताला धरून शिकवलं ते याच्यासाठी? मागितलं असतंस तर नाव दिलं असतं गं तुला. असं चोरायचं काय कारण होतं?"

सुनेनं सासऱ्याकडं पाहिलं. त्यानं बोलायला हवं होतं. तो जमिनीकडं बघत राहिला. आत्या बोलत सुटली. पोरीच्या माहेरापर्यंत गेली, पोटात पाप असलेली, मुकी गाय वगैरे नको नको ते बोलली. मास्तरीणबाई बिचाऱ्या पदर सावरत बसल्या होत्या. कुठून डबा आणला, असं त्यांना झालं असावं.

सुनेनं सगळं ऐकून घेतलं. मग एकाएकी ती वळली, शिडी लावून माळ्यावर चढली आणि एक कापडाचं गाठोडं घेऊन खाली आली. त्यातला डबा काढून तिनं मास्तरीणबाईंच्या डब्याशेजारी ठेवला. तीच नक्षी, तीच पानं, शेपट्या उजवीकडं.

"हा तुमचा आहे, आत्या. याची जमीन कुठल्या रंगाची आहे, सांगा."

"निळी."

"आणि याची?"

"निळी. आंधळी समजलीस का मला? दोन्ही निळ्याच आहेत."

 मास्तरीणबाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या आपल्या सरळपणानं म्हणाल्या, "नाही हो आत्या. माझा निळा आहे. हा तुमचा काळा आहे. अगदी काळा कुळकुळीत."

आत्यानं दोन्ही डबे उचलले. खिडकीशी गेली. उजेडात धरले, तिरपे धरले, नाकाशी नेले. घरच्यांनी सांगितलं असतं तर तिनं ऐकलं नसतं. पण या बाईला खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. बराच वेळ तिची पाठच तेवढी दिसत होती. मग ती भावाला म्हणाली, "तुला ठाऊक होतं."

"ताई, मी तुझ्यासाठीच…"

"किती दिवसांपासून?"

त्याला सांगावं लागलं. सांगताना आईचंही सांगितलं. मीठ, साखर, सगळं. आत्या ऐकत होती. शेवटी ती खाली बसली आणि सुनेकडं न बघता म्हणाली, "ते मघाचं, पोरी… मी बोलले ते."  सून तिच्याजवळ जाऊन बसली. मास्तरीणबाई आपला डबा तसाच घेऊन निघून गेल्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासायला फार वेळ घेतला नाही. मोतीबिंदू होता. साधा पांढरा नव्हे, पिकून तपकिरी झालेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा फार फसवतो. सुरुवातीला जवळचं उलट नीट दिसायला लागतं, माणसं चष्मा काढून टाकतात. पण सगळं जग काळ्या चहातून बघितल्यासारखं होतं. निळा रंग तर आत पोचतच नाही."

"म्हणजे माझं डोकं ठीक आहे?" आत्यानं विचारलं.

"डोक्याला काय झालंय तुमच्या?"

आत्यानं मान वळवून भावाकडं नुसतं पाहिलं. तो खिशातला रुमाल शोधत होता.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं. डावा फार कडक झाला होता, त्यात काही गुंतागुंत झाली, आणि त्या डोळ्याला उजेड-अंधारापलीकडं काही उरलं नाही. "जरा आधी आणलं असतंत तर," एवढंच म्हणून डॉक्टरीणबाई थांबल्या. ते वाक्य कुणी पुरं केलं नाही. पण दवाखान्यातून घरी येईपर्यंत रिक्षात तिघंही तेच ऐकत होते.

घरी आल्यावर आत्या आधी भिंतीकडं बघत राहिली. "ही पांढरी होती?" म्हणाली. मग सुनेच्या साडीकडं, बादलीकडं, दाराबाहेरच्या आभाळाकडं. सुनेला वाटलं, आता त्यांना बरं वाटेल. तर आत्या भावाला म्हणाली, "माळ्यावरचं सगळं खाली काढ."

"कशाला, ताई? राहू दे."

"तू आता 'राहू दे' म्हणायचं नाहीस."

अंगणात चटया अंथरल्या. भाऊ वरून गाठोडी देत होता, सून सोडत होती. डबे, थाळ्या, कलमदान, फुलदाण्या. आत्या एकेक वस्तू घेऊन बघायची आणि ठेवायची. आपलं कुठलं काम आधीचं, कुठलं नंतरचं, हे तिला नक्षीवरून कळत होतं. तिनं ओळ लावली. ओळीच्या सुरुवातीला तिनं घरातला एक जुना डबा ठेवला, त्यावर तिचा निळा होता. पुढं त्यात जांभळं शिरायला लागलं होतं, आधी चोरट्या पावलानं, मग राजरोस. शेवटाकडं तर काही जमिनी काजळीच्या होत्या. पिवळी फुलं भडक नारिंगी होऊन बसली होती. आणि त्या सगळ्यावर पानं मात्र सुरेख होती. एकेक शेपटी तशीच, जिथल्या तिथं.

ओळीत एका ठिकाणी तिनं बोट ठेवलं. "इथं कळायला लागलं होतं. बघणाऱ्याला इथंच कळलं असतं."

भाऊ मागच्या दाराच्या पायरीवर बसला होता. "तुला सांगितलं असतं तर तू कुंचला टाकला असतास, ताई."

"टाकला असता. दहा दिवस रुसले असते, तुला शिव्या घातल्या असत्या. मग डॉक्टरकडं गेले असते आणि दोन डोळे घेऊन परत आले असते." तिचा आवाज चढला नाही. "तू मला वेडी ठरवलंस रे. आणि वेडीशी जसं बोलतात तसं बोलत राहिलास. मी विचारायचे, काय म्हणाला तो, आणि तू म्हणायचास, खूश आहे. मी ते घेऊन झोपायचे."

तो रडायला लागला. तिनं त्याला रडू दिलं. लहानपणी असं रडला की ती त्याला जवळ घ्यायची. त्या दिवशी नाही घेतलं.

त्यानंतर ती पुन्हा खिडकीशी बसली, पण वेगळंच संकट पुढं आलं. रंग आता खरे दिसत होते, हात स्थिर होता, तरी कुंचल्याचं टोक डब्याला कधी टेकतं तेच कळेना. एका डोळ्याला अंतराचा अंदाज येत नाही. टोक अजून वर आहे असं वाटायचं आणि तोवर पानाच्या जागी थेंब पडलेला असायचा. कपात चहा ओततानाही बशीत सांडायचा. करंगळी डब्यावर टेकवून, स्पर्शानं अंतर मोजत ती शिकत राहिली. मोठ्या पाकळ्या जमायला लागल्या. तांदळाएवढी पानं काही पूर्वीसारखी जमली नाहीत. ती सून काढायची, स्वतःच्या डाव्या शेपटीची. तळाला तीन ठिपके द्यायला मात्र आत्यानं बंदी केली.

"तुझी खूण तू शोध," ती म्हणाली. "माझी संपली."

व्यापारी कुरकुरला. आत्या म्हणाली, "मग दुसरं घर बघा." त्यानं दुसरं घर बघितलं नाही, पण माल कमी घ्यायला लागला.

सुनेशी आत्याचं जुळलं. बोललेले शब्द परत घेता येत नाहीत, हे दोघींनाही कळत होतं. त्यामुळं दोघी जरा जपूनच वागायच्या. भावाचं तसं झालं नाही. बोलणं बंद नव्हतं. सरस झाला का, थर वाळला का, जेवायला ये, एवढं बोलणं चालायचं. पण रंगवलेली प्रत्येक वस्तू ती आता त्याच्यापुढं धरायची आणि विचारायची, "कसं झालंय?"

"चांगलं झालंय."

"खरं सांग."

"खरंच चांगलं झालंय, ताई."

ती त्याच्या तोंडाकडं बघत राहायची. तो खरं बोलत असला तरी तिला ते कळायला काही मार्ग नव्हता, आणि त्यालाही पटवायला काही मार्ग नव्हता. मग ती वस्तू घेऊन परत जायची आणि दिवसभर त्यातच खोट काढत बसायची. भाऊ मागच्या खोलीत उगाच घोटलेलाच डबा पुन्हा घोटत राहायचा.

एकदा तिनं एक मोठी थाळी आणली. बरेच दिवस खपून केली होती. कडेची फुलं चांगली होती, पण मधला मोर फसला होता. मान जाड झाली होती आणि एका बाजूला रंग ओघळल्यासारखा दिसत होता. भावाच्या ते एका नजरेत लक्षात आलं.

"कसं झालंय?"

त्यानं तोंड उघडलं. सवयीचा शब्द जिभेवर आलाही होता. दारात सून उभी होती.

"वाईट झालंय," तो म्हणाला. "मान जाड झालीये. डाव्या पंखाचा रंग ओघळलाय."

आत्याचा चेहरा पडला. ती थाळी घेऊन पुढच्या खोलीत गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. सून दोनदा बोलावून आली. भाऊही ताट सारून उठला. आपण आता बरोबर केलं की पुन्हा एक घोडचूक केली, हे त्याला समजेना. सुनेला विचारावंसं वाटलं, पण तिच्यापुढं तोंड वर करून विचारायची त्याची अजून हिंमत नव्हती.

सकाळी तो अंगणात कागद कुटत होता. आत्या आली. तिच्या हातात ती थाळी होती. मधला मोर तिनं चाकूनं खरवडून काढला होता, पार लगद्याचा करडा दिसेपर्यंत. कडेची फुलं तशीच ठेवली होती. बोटांना पांढरी भुकटी लागली होती. डोळा सुजला होता, झोप झाली नसावी.

"याला मधे थर दे," ती म्हणाली. "पातळ दे. आणि नीट घोट, मागच्या वेळी खरखर राहिली होती. माझा कुंचला अडकत होता तिथं."

"राहिली होती?" भावानं विचारलं.

"राहिली होती."

तिनं थाळी उखळाच्या कडेवर ठेवली आणि ती आत गेली.